तीनशे बाराचा ब्लॉक

"चाचा, मले असे ब्लॉक पायजेत का ज्याच्यात गाठ बी हाये अन् बाजूचं चांगलं मांस बी हाये," चंचल म्हणाली आणि भिंतभर पसरलेल्या लाकडी कपाटाकडे बघून तिने कपाळाला हात लावला. "आता एवढ्यातून निवडाचे कसे?"

कय्यूमभाईंनी वरून चौथा खण ओढला, नुसत्या बोटांनी चाचपत, आत मांसाचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या पाच वड्या काढल्या आणि तिच्यापुढे ओळीने मांडल्या.

"निवडाचं काय त्याच्यात? माह्या हातच्या सगळ्याच ब्लॉकात चांगलं मांस हाये. कोपऱ्याले निरोगी तुकडा लावल्याबिगर मी मेन वतलंच नाई कधी."

"काऊन पन? तवा तर कोनी मागत नव्हतं."

"शिंप्याचा पोरगा हावो मी, बेटा. काठ ठेवल्याबिगर कापडाची उलटसुलट समजत नाई."

२००१ सालचा मे महिना होता. चंद्रपूरच्या उन्हाबद्दल चंद्रपूरकरांना काही सांगायची सोय नाही आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. त्या उन्हात मेण कापायचं म्हणजे सोपं काम नव्हे. बिरजू नावाचा पन्नाशीचा अटेंडंट सकाळी बाजारातून बर्फाची लादी आणी, ती पोत्यात गुंडाळून ठेवी, आणि कय्यूमभाई एकेक ब्लॉक बर्फावर पालथा घालून गार करत. गार झाला की यंत्राच्या तोंडात बसवायचा, उजव्या हाताने चाक फिरवायचं, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप फितीसारखे बाहेर येताना डाव्या हातातल्या कुंचल्याने उचलायचे. ते काचेवर जातात, त्यांना रंग देतात, आणि डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून सांगतात की कॅन्सर आहे की नाही. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. काप कोणी काढले, हे दवाखान्याच्या पायरीवर वाट बघणाऱ्या एकाही माणसाने आजवर विचारलेलं नाही, आणि कय्यूमभाईंनी अठ्ठावीस वर्षांत ते मनाला लावूनही घेतलेलं नाही. "आमच्या खानदानात कापाचंच काम," एवढं म्हणून ते हसत. बाप गोल बाजारात शेरवान्या कापायचा, मुलगा दवाखान्यात गाठी कापतो.

चंचल सावली गावची. बाप धानाचा शेतकरी, आणि ही पोरगी नागपूरला राहून स्तनाच्या कॅन्सरवर संशोधन करत होती. पहिल्या दिवशी ती साहेबी मराठी बोलली, दुसऱ्या दिवशी कय्यूमभाईंनी डब्यातली भाकरी पुढे केली आणि त्या भाकरीबरोबर तिची सावलीची बोली परत आली.

"पन तू शोधून काय राह्यली ते तर सांग," त्यांनी विचारलं होतं.

"आपल्या पेशीत लगाम धरनारे जीन राह्यते, चाचा. पेशीले म्हनते, आता वाढू नको. ते दोन-दोन राह्यते, एक मायकडचा, एक बापाकडचा. धानाच्या बांधीचे धुरे समजा, पानी अडवनारे मातीचे बांध. एक धुरा फुटला तरी दुसरा पानी धरते. दोनी गेले का मंग बांधी गेली. कॅन्सरच्या पेशीत तो धुऱ्याचा तुकडाच गळून गेला राह्यते कधी कधी. गाठ अन् चांगलं मांस बाजूबाजूनं लावून पाह्यलं का समजते, कुठचा गळाला."

"अन् तो कायनं गळाला? ते समजते का?"

"नाई. गळाला का नाई, एवढंच."

कय्यूमभाई बराच वेळ बर्फावरचा ब्लॉक बोटाने सरकवत राहिले. एवढं तरी, असं त्यांच्या मनात आलं. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चंचलला खणाच्या तळाशी कागदात बांधलेले तीन ब्लॉक सापडले. कागदावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘मोहाची. भरवसा नाही.'

"हे काय जी?"

कोपऱ्यात पोतं पिळत बसलेला बिरजू एकदम खुलला. "ते अहेरीचे! सांगा ना भाऊ, सांगा!"

"तू चूप बस," कय्यूमभाई म्हणाले, पण सांगितलंच.

९४ च्या जुलैत पूर आला होता. अहेरीकडचे रस्ते आठ-दहा दिवस बंद. तिथल्या दवाखान्यात एका बाईच्या छातीची गाठ काढलेली, आणि गाठ सडू नये म्हणून ती बुडवून ठेवायचं फॉर्मलिन नाही. तिथल्या सिस्टर अंजनाबाई. बाई म्हणजे वाघीण. तिने काय करावं? पेशंटच्या माणसांकडून मोहाची दारू मागवली, पहिल्या धारेची, चमच्यात घेऊन तिला काडी लावून पाहिली, निळी जळते म्हटल्यावर गाठ तीत बुडवली आणि बरणी नावेने नदीपार करून चंद्रपूरला पाठवून दिली. पाणी उतरेपर्यंत आणखी दोन बायकांच्या गाठी तशाच आल्या. बरणी उघडली तेव्हा सगळ्या पॅथॉलॉजीत वास सुटला. कय्यूमभाईंनी जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. त्यांनी दोन-दोन हातमोजे चढवले, तोंडाला रुमाल बांधला, आणि काम झाल्यावर कोपरापर्यंत हात इतके वेळा धुतले की साबणाची वडी संपली. एरवी बरणी धुवायची म्हटलं की ज्याची कंबर धरायची तो बिरजू त्या दिवशी आपण होऊन तिन्ही बरण्या धुवायला पुढे झाला.

"बरनीतलं नाई पेलो जी मी," बिरजू म्हणाला. "वास घेतला निस्ता."

मग कय्यूमभाईंनी अंजनाबाईला दवाखान्याच्या कागदावर कडक पत्र लिहिलं, की नमुने नियमाप्रमाणे फॉर्मलिनमध्येच पाठवावेत, दारूत पाठवलेल्या नमुन्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही. उलट टपाली तिची चिठ्ठी आली, ती त्यांना अजून तोंडपाठ होती. ‘कय्यूमभाऊ, पूल पान्याखाली, फार्मालीनची बाटली खाली, अन् बाईचा गोळा सडून राह्यला. मंग का करू? तुमी कागद पाठवता का फार्मालीन पाठवता?'

चंचल इतकी हसली की तिचा चष्मा घसरला. तीनही ब्लॉक तिने यादीत घेतले. "भरवसा नाई तर नाई. नेऊन तर पाहू."

पंचेचाळीस ब्लॉक झाले. चौथ्या दिवशी, चंचल चहाला बाहेर गेली असताना, कय्यूमभाईंनी टेबलाच्या खणातून एक ब्लॉक काढला. तो कपाटात कधीच नव्हता. नंबर तीनशे बारा, साल चौऱ्याण्णव. त्याचे काप काढून त्यांनी इतरांच्या रांगेत ठेवले आणि यादीत नंबर घातला. नाव विचारायची पद्धत नव्हतीच. सगळ्या बायका नुसत्या आकड्यांनी जायच्या.

तीनशे बारा म्हणजे शमसुन्निसा.

घरात ती शमसू. लग्न होऊन आली तेव्हा कय्यूमभाईंना नोकरी लागून वर्ष झालं होतं. पहिल्या आठवड्यातच तिने त्यांचा ॲप्रन चिमटीत धरून लांब केला होता. "अजी, तुम मुर्दे धोते क्या वहाँ?" फॉर्मलिनचा वास तसा डोळ्यांत चढणारा, मेणात बसवण्याआधी वापरायच्या झायलीनचा घशात. तो कपड्यांतून निघता निघत नसे. पुढे वीस वर्षं दर रविवारी ती मोरीत बसून ते ॲप्रन सोड्याच्या पाण्यात घासायची. धोब्याला देऊ म्हटलं तर द्यायची नाही. धोबी काय घासतो, नुसता आपटतो, हे तिचं ठरलेलं उत्तर. ॲप्रन घासता घासता ती गुणगुणायची, मध्येच खोकायची, आणि वाळत घातलेले पांढरे ॲप्रन बघून म्हणायची, "देखो, सात डॉक्टर टंगे हैं." कय्यूमभाईंना आपण सुखात आहोत हे तेव्हा कळत होतं. नंतर कळलं असं नाही. तेव्हाही कळत होतं.

गाठ तिने वर्षभर लपवली. ज्याच्या हातून रोज गाठी जातात त्याच्याच घरात, त्याच्याच शेजारी झोपून. नंतर विचारलं तर म्हणाली, तुम्ही दिवसभर तेच बघता, घरी आल्यावर पुन्हा काय दाखवायचं!

ऑपरेशन याच दवाखान्यात झालं. नमुना बरणीतून खाली आला तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "कय्यूम, हा नागपूरला पाठवू. तू करू नकोस." कय्यूमभाई नाही म्हणाले. दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा? आपण करू, आणि असा करू की असा ब्लॉक झाला नसेल. त्यांनी ताजं फॉर्मलिन घेतलं, रोज सकाळी बदललं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, "तीनशे बारा कुठंय?" ते म्हणाले, चरबी फार आहे साहेब, अजून मुरलं नाही. चौथ्या दिवशी तेच, सातव्या दिवशी तेच. मुरलं कधीचंच होतं. पण मेणात बसवलं की काप काढावे लागणार, काप काढले की डॉक्टर बघणार, आणि डॉक्टरांनी बघितलं की ते खरं होणार. बरणीत होतं तोवर काहीच झालेलं नव्हतं. टाके भरायलाच तेवढे दिवस जायचे होते, तेव्हा त्या उशिराने तिचं काही बिघडलं नाही. तेराव्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः येऊन शेजारी स्टुलावर बसले, आणि कय्यूमभाईंनी यंत्राचं चाक फिरवलं.

त्यानंतर शमसू दीड वर्ष राहिली.

ती गेल्यापासून एकच गोष्ट त्यांना खात होती, आणि ती त्यांनी मुलांनाही सांगितली नव्हती. वीस वर्षं तिने घासले ते ॲप्रन. तो वास, ते विष आपणच घरी नेलं आणि तिच्या हातात दिलं. कोणी म्हणालं नव्हतं तसं, पण नाही असंही कोणी म्हणालं नव्हतं. आता तिच्या आत काय तुटलं होतं एवढं जरी कळलं, तरी तिच्याजवळ जाऊन आल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत होतं. मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे होते. त्याआधी कळावं, एवढीच इच्छा होती.

चंचल काचा घेऊन गेली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. कय्यूमभाई पोस्टमनला उगीचच दोनदा हाक मारू लागले. जानेवारीच्या मध्यावर ती नागपूरच्या एसटीने आली ती थेट पॅथॉलॉजीत, आणि स्टुलावर बसून तिने पाण्याचा पेला रिकामा केला. तिचा चेहरा बघून कय्यूमभाईंनी यंत्रावर कापड टाकलं.

"सांग."

"शेहेचाळीस ब्लॉकचे काप नेले होते, चाचा. त्रेचाळीस वाचताच नाई आले."

"वाचता नाई आले म्हंजे? काप खराब होते का?"

"काप एकदम मस्त. काचेवर गाठ अशी दिसते का बोट ठेवा. पन आतला जीनचा धागा तुकडे तुकडे झाला. आपलं फार्मालीन कच्चं, अन् त्याच्यात मांस दिवसंदिवस पडून राह्यते. त्यानं तुटते ते. सगळीकडचंच असं हाये, जी. नागपूरचेबी लय गेले."

कय्यूमभाई कपाटाकडे बघत राहिले. सतरा खण. खुंटीवर टांगलेले सगळे अंगरखे सुरेख दिसतात, पण एकही घालता येत नाही, असं शिंप्याला म्हातारपणी कोणी सांगावं तसं ते झालं. वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. चष्मा काढून डोळे पुसले.

"अन् तीन?"

आता चंचलला हसू आवरेना. "अहेरीचे! दारूनं धागा तुटत नाई, चाचा. शीसपेनीनं लिवल्यावानी साफ वाचता आले. तीनापैकी दोघींत एकाच जागचा तुकडा गळाला."

"मी तवाच म्हनलो होतो," दारातून बिरजू ओरडला, "माल चांगला हाये म्हून!"

कय्यूमभाईही हसले. मनापासून हसले, पोट धरून हसले. अंजनाबाईला लिहिलेलं ते कडक पत्र, ते दोन-दोन हातमोजे, ती संपलेली साबणाची वडी. वाघीण जिंकली होती. हसता हसताच ते एकदम म्हणाले,

"तीनशे बारा?"

चंचलने कागद चाळले. "नाई चाचा. तो तर सगळ्यात जास्त तुटला. कायीच उरलं नाई त्याच्यात. किती दिवस होता तो फार्मालीनमंदी, देव जाने."

"बारा दिवस."

"तुमाले कसं मालूम?"

"माही घरवाली होती ते."

बिरजू दारातून आत आला आणि तिथेच उभा राहिला. त्याला माहीत होतं, पण हे वाक्य त्याने कय्यूमभाईंच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग कय्यूमभाईंनी चंचलला सगळं सांगितलं. रोज बदललेलं फॉर्मलिन सांगितलं, चरबीची थाप सांगितली, रविवारचे ॲप्रनही सांगितले. "लोकाईच्या बायकाचे तीन-चार दिवसात केले असन मी. तिचाच नाई केला. भेलो मी. अन् भेलो म्हून तिचंच काई समजत नाई आता."

चंचलने हातातले कागद बाजूला ठेवले. ती शिकलेली होती, खोटा दिलासा द्यायचा नाही एवढं शिकलेली होती.

"चाचा, अहेरीच्या त्या दोघी," ती म्हणाली, "त्या जंगलातल्या गावच्या. फार्मालीनचा वास बी कधी घेतला नसन त्याईनं. कोनाचे ॲप्रन बी धुतले नाई. तरी त्याईचा तुकडा गळालाच ना? याच्यानं पक्कं कायीच होत नाई, मी तसं म्हननार नाई. पन तुमी ॲप्रनचं जे पक्कं धरून बसले, ते बी पक्कं नाई."

कय्यूमभाईंनी मान हलवली. मग पुन्हा हलवली. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि ते म्हणायला दोन अनोळखी बायकांच्या गाठी मोहाच्या दारूत बुडाव्या लागल्या होत्या.

"त्या दोघी हाये का अजून?" त्यांनी विचारलं.

"एक हाये. अंजनाबाईनं गाव सांगतलं, मी भेटून आली. तेंदूपत्त्याले जाते."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "लय चांगलं झालं."

निघताना चंचल दारात घुटमळली. शेवटी मागे न बघताच बोलली. "किती दिवसात धागा किती तुटते, हे मोजून ठेवलं तर पुढच्या दवाखान्याईले सांगता येईल का बाबाहो, दोन दिवसाच्या वर ठेवू नका. पन रजिस्टरमंदी कोन्याच ब्लॉकचे दिवस लिवले नाई. शेहेचाळीसमंदी एकाचेच पक्के मालूम हाये." मग तिलाच कसंसं झालं. "जाऊ द्या, चाचा. मी म्हनलीच नाई."

"किती लागंन?"

"उरलं तेवढं सगळंच. अन् त्याच्यात तुमाले पायजे ते कायी भेटनार नाई. दिवसाचं माप भेटंन निस्तं."

टेबलाच्या खणातून त्यांनी तो ब्लॉक काढला. मेण पिवळं पडलं होतं आणि मधला तुकडा जुन्या कापांनी झिजून पातळ झाला होता. आठ वर्षं तो तिथे होता. कधी सकाळी आल्याआल्या, कधी जेवणाच्या सुट्टीत ते खण उघडून बघत आणि पुन्हा लावत. एवढंच करत. कबरस्तानात जाणं वेगळं, तिथे चार लोक असतात. इथे दोघंच असायचे.

"काप ठेवाची नळी कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

"चाचा, आज नोको. इचार करा घरी जाऊन."

"बारा दिवस इचारच केला व्हता मी," ते म्हणाले.

त्यांनी नवं पातं लावलं, ब्लॉक यंत्राच्या तोंडात बसवला, कोन जुळवला. चंचलने झाकण काढलेली बारकी नळी पुढे धरली. काचेवर मांडून गाठ वेगळी, चांगलं मांस वेगळं करायची या वेळी गरज नव्हती. सगळं एकत्रच जायचं होतं. पेन काढून तिने विचारलं, "नाव लिवू का यावेळी?"

"नंबरच लिव. नाव राहू दे माह्यापाशी."

चाक फिरू लागलं. फीत सरळ, अखंड येत होती. कय्यूमभाई कुंचल्याने काप उचलत होते आणि नळीत सोडत होते. फितीतला ठिपका सुरुवातीला ज्वारीच्या दाण्याएवढा होता, मग मोहरीएवढा झाला, मग नुसती सावली राहिली, आणि मग तीही दिसेना. कोरं मेण येऊ लागलं.

चंचलने ते पाहिलं. बिरजूनेही पाहिलं. नळीचं झाकण चंचलच्या डाव्या मुठीत होतं, ते तिने लावलं नाही. कय्यूमभाईंनी आणखी आठ-दहा वेळा चाक फिरवलं, आणि मग त्यांनी हात काढून घेतला.